सुरुवात कुठून धरायची?

सहा महिने चाललेलं काम फसतं. कंपनीच्या बैठकीत एक जण म्हणतो, ‘वुई आर बॅक टू स्क्वेअर वन.’ दुसरा म्हणतो, ‘बॅक टू द ड्रॉइंग बोर्ड.’ तिसरा म्हणतो, ‘लेट्स स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच.’ या बोलण्याचं मराठीत इतिवृत्त लिहायला सांगितलं, तर बहुतेक जण तिघांच्या नावापुढे एकच वाक्य लिहितील: ‘पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.’ तिघं मात्र तीन वेगळ्या गोष्टी सांगत होते. पहिला म्हणत होता, केलेली मेहनत पाण्यात गेली, होतो तिथेच येऊन पडलो. दुसरा म्हणत होता, आराखडाच चुकला, तो नव्याने आखू. तिसरा म्हणत होता, जुन्यातलं काहीही हाताशी न धरता नवं उभं करू. पहिल्याच्या बोलण्यात खंत आहे, दुसऱ्याच्या उमेद आणि तिसऱ्याच्या निर्णय. समोर ग्राहक बसलेला असेल तर तो या तीन वाक्यांवरून खर्चाचे तीन वेगळे अंदाज मनाशी बांधेल.

इंग्रजीत आरंभ सांगणाऱ्या शब्दप्रयोगांची रेलचेल आहे. पाठ्यपुस्तकांत आणि कोशांत ते एकाखाली एक येतात आणि समोर अर्थ असतो ‘सुरुवातीपासून’, ‘प्रारंभी’, ‘मुळापासून’. मग ते एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरता येतात असा समज होतो. प्रत्यक्षात प्रत्येक प्रयोगाला स्वतःची पूर्वकथा आहे. सुरुवातीच्या आधी काही होतं की नव्हतं, सुरुवात कुठे ते कुणी ठरवलं, पहिला क्षण मोजणीत धरायचा की सोडायचा, हे सगळं त्या शब्दांत आधीच ठरून गेलेलं असतं. ही पूर्वकथा ठाऊक झाली की प्रयोग कुठे चालेल आणि कुठे खटकेल हे वेगळं पाठ करावं लागत नाही. या विषयाची ओळख करून घ्यायची ती त्यासाठी.

‘फ्रॉम स्क्रॅच’ आता मराठी बोलण्यातही इतका रुळला आहे की ‘सगळं स्क्रॅचपासून केलं’ असं कुणीही सहज म्हणतं. स्क्रॅच म्हणजे ओरखडा. पूर्वी इंग्लंडमध्ये शर्यतीच्या आरंभी जमिनीवर काठीने किंवा बुटाच्या टाचेने एक रेघ ओढत, ती स्क्रॅच. त्या काळच्या अनेक शर्यतींत दुबळ्या धावपटूला सवलत म्हणून काही अंतर पुढे उभं करत. ज्याला कसलीच सवलत नाही तो थेट त्या रेघेवरून धावायचा. गोल्फमध्ये आजही ज्याची सवलत शून्य आहे अशा खेळाडूला ‘स्क्रॅच प्लेअर’ म्हणतात. थोडक्यात, ‘स्टार्टिंग फ्रॉम स्क्रॅच’ याचा मूळ भाव ‘कुठलीही सवलत न घेता’ असा होता आणि ‘शून्यातून’ हा अर्थ पुढे त्यातूनच आला.

हीच रेघ मुष्टियुद्धातही होती. १८३८ च्या लंडन प्राइझ रिंग नियमांनुसार खाली पडलेल्या योद्ध्याला ३० सेकंदांची उसंत मिळे. त्यानंतर ८ सेकंदांच्या आत त्याने कुणाचाही आधार न घेता रिंगणाच्या मधल्या रेघेपर्यंत चालत यायचं. येता आलं नाही की तो हरला. ‘अप टू स्क्रॅच’ म्हणजे अपेक्षित दर्जाला उतरणं, हा अर्थ या चालत येण्याने पक्का केला. एकाच रेघेतून निघालेले हे दोन प्रयोग. पण ‘द रिपोर्ट इज नॉट अप टू स्क्रॅच’ म्हणजे अहवाल कमअस्सल आहे, आणि ‘द रिपोर्ट वॉज रिटन फ्रॉम स्क्रॅच’ म्हणजे तो कुठल्याही जुन्या मसुद्याविना लिहिला आहे. एकाच शब्दाच्या आधी ‘अप टू’ आहे की ‘फ्रॉम’, एवढ्यावर अर्थ पार बदलतो.

‘फ्रॉम स्क्रॅच’मधलं शून्य कुठे आहे हे मात्र संदर्भ ठरवतो. अमेरिकेतल्या एखाद्या बेकरीवर ‘मेड फ्रॉम स्क्रॅच’ अशी पाटी असते, तेव्हा तिथे गहू पिकवला किंवा दळला असा दावा नसतो. बाजारातलं तयार पीठमिश्रण वापरलेलं नाही, एवढंच त्यातून सांगायचं असतं. सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी ‘आय रोट इट फ्रॉम स्क्रॅच’ म्हणते तेव्हा जुना कोड घेतलेला नाही असा तिचा अर्थ असतो. संगणकाची भाषा तिने निर्माण केली नाही हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. उद्योजकाच्या तोंडी हाच प्रयोग आला की घरचं भांडवल नव्हतं असा अर्थ होतो. तिथे मात्र ऐकणारे लगेच कान टवकारतात, कारण घरचं भांडवल नसलं तरी घरची ओळख, घरचं शिक्षण, शहरातलं घर होतं का, हा प्रश्न मागोमाग येतोच. तो प्रश्न रास्त आहे. सवलत नाकारण्याचा भाव या शब्दांत मुळापासून मुरलेला आहे, म्हणून ‘फ्रॉम स्क्रॅच’ म्हणणाऱ्याने आपली रेघ नेमकी कुठे होती हे सांगायला हवं.

या रेघेचं राजकारणही झालं आहे. जून १९६५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी हॉवर्ड विद्यापीठातल्या भाषणात शर्यतीची रेघ हीच प्रतिमा घेतली. वर्षानुवर्षं साखळदंडात जखडलेल्या माणसाला मोकळं करायचं, शर्यतीच्या रेघेवर आणून उभं करायचं आणि ‘आता तू सगळ्यांशी स्पर्धा कर’ म्हणायचं, याला न्याय म्हणता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच वर्षी त्यांच्या सरकारने गरीब घरांतल्या शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी कार्यक्रम सुरू केला. त्याचं नाव ‘हेड स्टार्ट’. शर्यतीत इतरांच्या थोडं पुढून निघायला मिळणं हा या शब्दांचा अर्थ, आणि सरकारने तो जाणूनबुजून निवडला होता. आरंभाबद्दलचा एखादा वाक्प्रचार किती गंभीर काम करू शकतो याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

‘बॅक टू स्क्वेअर वन’ची गोष्ट गुंतागुंतीची आहे. इंग्लंडमध्ये तिची एक लोकप्रिय उपपत्ती वर्षानुवर्षं सांगितली जाते. २२ जानेवारी १९२७ रोजी बीबीसीने आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्यातल्या फुटबॉल सामन्याचं लंडनच्या हायबरी मैदानावरून थेट समालोचन केलं. श्रोत्याला मैदान दिसत नव्हतं, म्हणून ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकात मैदानाचा आठ चौकोनांत विभागलेला नकाशा छापला गेला. समालोचक खेळाचं वर्णन करी आणि त्याच्या शेजारी बसलेला दुसरा माणूस चेंडू कितव्या चौकोनात आहे तो आकडा पुकारी. श्रोते घरी मांडीवर नकाशा घेऊन बसत. चेंडू मागे गेला की ‘बॅक टू स्क्वेअर वन’, आणि तिथून हा प्रयोग भाषेत आला, अशी ही कथा.

कथेतला नकाशा खरा, सामना खरा, आकडे पुकारणंही खरं. अडचण पुढे आहे. फुटबॉलमध्ये गोल झाल्यावर खेळ मैदानाच्या मध्यातून सुरू होतो, पहिल्या चौकोनातून नव्हे. शिवाय हा प्रयोग छापील मजकुरात ठळकपणे दिसू लागतो तो १९५० च्या सुमारास, म्हणजे चौकोनांचे नकाशे बंद होऊन बराच काळ लोटल्यावर. त्या आरंभीच्या उदाहरणांत संदर्भ येतो तो सापशिडीचा. त्यामुळे सापशिडीची बाजू अधिक भक्कम वाटते, आणि हा खेळ तर आपल्याकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडच्या घराघरांत पोचला, त्याआधी भारतात त्याची अनेक रूपं होती. महाराष्ट्रात त्याला मोक्षपट म्हणत आणि परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते. मोक्षपटात सोपान म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. दुर्गुणाने गिळलं की जीव खाली येणार, पुन्हा फासे टाकणार, पुन्हा चढणार.

इंग्रजी प्रयोगातून मात्र हा नैतिक अंश गळून गेला आहे. वाटाघाटी फिसकटल्या, तपासातला महत्त्वाचा साक्षीदार उलटला, औषधाची चाचणी निष्फळ ठरली की बातमीत ‘बॅक टू स्क्वेअर वन’ येतं. दोष कुणाचा हे त्यात सांगितलेलं नसतं, फासे उलटे पडले एवढंच. मराठी माणूस त्या जागी ‘पहिले पाढे पंचावन्न’ म्हणतो. प्रसंग तोच असला तरी मराठी म्हणीला शिकणाऱ्याचा राग आलेला असतो. इतकं शिकवलं आणि हा पुन्हा तिथेच! म्हणून सहकाऱ्याच्या फसलेल्या प्रयत्नाबद्दल इंग्रजीत ‘स्क्वेअर वन’ म्हटलं तर तो दुखावत नाही आणि मराठीत पाढे काढले तर हमखास दुखावतो. भाषांतर करणाऱ्याने इथे जपून राहावं.

‘बॅक टू द ड्रॉइंग बोर्ड’ची जन्मकथा बरीच स्वच्छ आहे. १९४१ साली ‘द न्यू यॉर्कर’मध्ये पीटर आर्नो या व्यंगचित्रकाराचं एक चित्र आलं. समोर विमान कोसळून जमिनीत रुतलेलं, लोक धावताहेत, आणि आराखड्याची गुंडाळी काखेत मारून विमानाचा रचनाकार शांतपणे परत निघाला आहे. चित्राखालच्या ओळीत त्याच्या तोंडी हे शब्द होते. त्या माणसाची ती चिवट शांतता आजही प्रयोगात टिकून आहे. स्क्वेअर वनवर माणूस फेकला जातो, ड्रॉइंग बोर्डकडे मात्र तो आपल्या पायांनी चालत जातो. दोघांमध्ये निवडायची वेळ आली तर एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

शर्यतीच्या मैदानाने इंग्रजीला आणखी बरंच दिलं. ‘फ्रॉम द वर्ड गो’ म्हणजे ‘गो’ हा इशारा झाल्या क्षणापासून. सरहद्दीवरचा शिकारी आणि काँग्रेसचा सभासद डेव्ही क्रॉकेट याच्या १८३४ च्या आत्मकथनात हा प्रयोग आहे, म्हणजे तेव्हाही तो अमेरिकेत बोलीत असणार. ब्रिटिश माणूस तेच सांगताना ‘फ्रॉम द ऑफ’ म्हणतो. घोड्यांच्या शर्यतीत घोडे सुटण्याचा क्षण म्हणजे ‘द ऑफ’. अमेरिकी माणूस ‘राइट ऑफ द बॅट’ म्हणतो. इथे क्रिकेटवेड्या मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर वेगळीच बॅट येते, पण ही बॅट बेसबॉलची आहे आणि म्हणून लंडनच्या लेखणीत हा प्रयोग कमी दिसतो. ‘फ्रॉम द गेट-गो’ हा आफ्रिकी-अमेरिकी बोलीतून आला, १९६० च्या दशकात छापील साहित्यात दिसू लागला आणि आता सगळीकडे पसरला आहे. अर्थ चौघांचा जवळपास एकच, बाज मात्र निराळा. मित्राला पाठवायच्या निरोपात ‘गेट-गो’ शोभून दिसतं. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रात तिथे ‘फ्रॉम द आउटसेट’च हवं.

वेळेआधी सुटण्यालाही शब्द आहे: ‘जंप द गन’. पंचाच्या पिस्तुलाचा आवाज होण्याआधीच धावणं. आता हे डोळ्यांनी पाहून ठरत नाही. पाय ज्या ठोकळ्यांवर टेकवतात त्यांत संवेदक असतात, आणि इशाऱ्यानंतर ०.१०० सेकंदाच्या आत हालचाल झाली तर ती चुकीची सुरुवात मानली जाते, कारण आवाज ऐकून पाय हलवायला तेवढा वेळ लागतोच असं गृहीत धरलेलं आहे. २०१० पासून एकाही चुकीला माफी नाही. २८ ऑगस्ट २०११ रोजी दक्षिण कोरियातल्या दाएगू इथे जागतिक स्पर्धेच्या १०० मीटर अंतिम फेरीत उसेन बोल्ट आवाजाआधी सुटला आणि तिथेच बाद झाला. सुवर्णपदक त्याचाच देशबांधव योहान ब्लेक याने नेलं. वृत्तपत्रात ‘द मिनिस्टर जंप्ड द गन’ असं वाचलं तर मंत्र्यांनी अधिकृत निर्णयाआधीच घोषणा करून टाकली, हे समजायला एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे.

मैदानावरून रणांगणावर आलं की आरंभाला शून्य चिकटतं. लष्करात ‘झिरो अवर’ म्हणजे हल्ला सुरू होण्याची ठरलेली घटका. ‘डी-डे’ही त्याच जातीचा. त्यातला ‘डी’ म्हणजे नुसता ‘डे’. तारीख गुप्त ठेवून बाकीचं नियोजन करता यावं म्हणून ही सोय होती. सप्टेंबर १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात सँ मिहिएलवरच्या हल्ल्यासाठी निघालेल्या अमेरिकी आदेशात तो आढळतो. पुढे ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीवरच्या चढाईने तो एका तारखेचं नावच होऊन बसला. आपल्या संसदेत तर ‘झिरो अवर’ने रूपच पालटलं. प्रश्नोत्तरांचा तास संपल्यावर लोकसभेत दुपारी १२ वाजता सुरू होणारा शून्य प्रहर हा कार्यपद्धतीच्या नियमांत कुठेही लिहिलेला नाही. १९६० च्या दशकात तो प्रथेने रुळला. युद्धातला झिरो अवर म्हणजे एक क्षण, संसदेतला म्हणजे एक कालखंड. भारतीय इंग्रजी वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

‘ग्राउंड झिरो’बद्दल स्पष्टच बोलायला हवं. अणुबॉम्ब जिथे फुटला त्याच्या बरोबर खालची जमिनीवरची जागा, हा त्याचा अर्थ. हिरोशिमा आणि नागासाकीच्या विध्वंसाची पाहणी करणाऱ्या अमेरिकी अहवालात १९४६ साली तो याच अर्थाने वापरला गेला. ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यू यॉर्कमधल्या जुळ्या मनोऱ्यांच्या जागेचं ते नाव झालं. अमेरिकी कोशांनी ‘अगदी आरंभ’ असाही अर्थ नोंदवला आहे, कारण लोक तसं बोलतात. तरीही नव्या उपक्रमाबद्दल ‘वुई स्टार्टेड फ्रॉम ग्राउंड झिरो’ म्हणणं अशोभनीय वाटतं. तिथे ‘फ्रॉम द ग्राउंड अप’ हा सुरेख प्रयोग तयार आहे. आपल्या वाहिन्यांवर तर कुठल्याही घटनास्थळाला ‘ग्राउंड झिरो’ म्हणायची सवय लागली आहे. नुसतं ‘घटनास्थळ’ म्हणावं, तो शब्द चांगला आहे.

आरंभबिंदूच्या एका चुकीच्या शब्दाने माणसाचं काय होऊ शकतं याची गोष्ट वैद्यकात आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे संशोधक एड्सच्या रुग्णांचे परस्परसंबंध तपासत होते. कॅलिफोर्नियातल्या रुग्णांच्या त्या अभ्यासात एका विमान कंपनीतला कॅनडाचा कर्मचारी होता. तो राज्याबाहेरचा, म्हणून ‘आउटसाइड कॅलिफोर्निया’मधला ‘ओ’ त्याच्या नोंदीला लावला गेला. वाचणाऱ्यांनी ‘ओ’ला शून्य वाचलं. १९८४ साली ४० रुग्णांच्या संबंधांची आकृती प्रसिद्ध झाली, तिच्या मधोमध तो ‘पेशंट झिरो’ म्हणून आला. त्याच वर्षी तो वारला. १९८७ साली पत्रकार रँडी शिल्ट्स यांच्या गाजलेल्या पुस्तकामुळे त्याचं नाव जगभर गेलं आणि अमेरिकेत एड्स आणणारा माणूस म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं गेलं. पुस्तकात तसं ठामपणे म्हटलेलं नव्हतं, पण ‘झिरो’ या शब्दाने पुढचं काम केलं. २०१६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १९७० च्या दशकातले साठवलेले रक्तनमुने तपासले गेले. विषाणू १९७० च्या सुमारासच न्यू यॉर्कमध्ये पोचला होता आणि या माणसाच्या शरीरातला विषाणू त्या वंशवृक्षाच्या मुळाशी नव्हता, असं त्यातून सिद्ध झालं. तोवर त्याच्या मृत्यूला तीन दशकांहून अधिक काळ झाला होता.

साथरोगाचे अभ्यासक ‘पेशंट झिरो’ हा शब्द टाळतात, त्याचं कारण हेच. ते दोन वेगळे शब्द वापरतात. ज्या रुग्णामुळे साथ प्रथम लक्षात आली तो ‘इंडेक्स केस’. ज्याने रोग त्या समूहात प्रत्यक्ष आणला तो ‘प्रायमरी केस’. बरेचदा हे दोघं वेगळे असतात. आपल्याला कळलं तिथून गोष्ट सुरू झाली असं मानण्याची माणसाची खोड इतकी जुनी आहे की तिला आवर घालायला शास्त्राला दोन शब्द करावे लागले. करोनाच्या साथीत ‘पेशंट झिरो’चा शोध पुन्हा बातम्यांत आला तेव्हा हा भेद क्वचितच कुणी सांगितला.

‘डे वन’ आणि ‘डे झिरो’ यांचंही सोयीनुसार चालतं. ‘फ्रॉम डे वन’ हा साधा, कुठेही खपणारा प्रयोग. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या १९९७ च्या पत्रापासून ‘डे वन’ला कंपनीचं ब्रीद बनवलं आणि सिॲटलमधल्या इमारतीलाही तेच नाव दिलं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘डे झिरो’ म्हणजे प्लेसमेंटचा सगळ्यांत आधीचा, सगळ्यांत मोठ्या पगारांचा दिवस. २०१८ साली केपटाउनच्या रहिवाशांना मात्र ‘डे झिरो’ म्हणजे शहराचे नळ बंद होण्याचा दिवस होता. सुदैवाने तो आला नाही. आणि संगणकसुरक्षेत ‘झिरो-डे’ म्हणजे अशी त्रुटी, जी दुरुस्त करायला निर्मात्याला एकही दिवस मिळालेला नाही.

आता रोजच्या वापरातल्या, दिसायला किरकोळ अशा शब्दांकडे यायला हवं, कारण चुका तिथे जास्त होतात. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी सर्रास येतं. त्याचं कारण आपल्या ‘पासून’मध्ये आहे. ‘२०१९ पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ हे दोन्ही मराठीत सारखेच बिनचूक. इंग्रजीत आरंभाची खूण सांगायची तर ‘सिन्स’, लांबी सांगायची तर ‘फॉर’. शिवाय मराठीत ‘करतो’ म्हणून भागतं, इंग्रजीत ते काम तेव्हापासून आजवर चालत आलं आहे हे क्रियापदालाही सांगावं लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१९’. 

‘ॲट फर्स्ट’ची गंमत याहून सूक्ष्म आहे. मुलाखतीत उमेदवार सुरुवातीलाच म्हणतो, ‘ॲट फर्स्ट, आय वुड लाइक टू थँक यू.’ त्याला म्हणायचं असतं ‘सर्वप्रथम’. इंग्रजी कानाला मात्र ‘ॲट फर्स्ट’ ऐकताच पुढच्या ‘पण’ची चाहूल लागते: आधी आभार मानावेसे वाटले, नंतर वाटेनासे झाले. जिथे पुढे बदल झाला तिथे ‘ॲट फर्स्ट’; नुसता क्रम सांगायचा तिथे ‘फर्स्ट’ किंवा ‘फर्स्ट ऑफ ऑल’. ‘टू बिगिन विथ’ दोन्हीकडे चालतो. ‘इन द फर्स्ट प्लेस’ मात्र बहुधा जाब विचारायला येतो: मुळात तू तिथे गेलासच का? वरिष्ठांना लिहिताना तो सांभाळून वापरलेला बरा.

जाहिरातींमधला ‘स्टार्टिंग फ्रॉम’ही आरंभबिंदूच सांगतो. पुण्या-मुंबईतल्या घरांच्या फलकांवर लाखांच्या आकड्यापुढे ‘ऑनवर्ड्स’ असतं आणि त्याच्या डोक्यावर बारीक चांदणी. तो आकडा म्हणजे बहुधा सगळ्यांत लहान घराची, सगळे कर आणि आकार वगळून येणारी किंमत असते. वाचणारा ती सरासरी किंमत समजून चौकशीला जातो. 

कायद्याने मात्र या सगळ्यांत अधिक काटेकोरपणा पाळला आहे. ‘व्हॉइड ॲब इनिशिओ’ म्हणजे आरंभापासूनच शून्य. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ११ खालचा विवाह असा असतो. कायद्याच्या लेखी तो झालेलाच नसतो. कलम १२ खालचा विवाह मात्र न्यायालयाने रद्द करेपर्यंत वैध राहतो. ‘डी नोव्हो’ सुनावणी म्हणजे आधीच्या कामकाजावर विसंबून न राहता नव्याने चालवलेली. आपले वकील हे लॅटिन शब्द रोज उच्चारतात. तरी खरी कसोटी लागते ती ‘फ्रॉम’ या चार अक्षरी इंग्रजी शब्दापाशी.

१८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम ९ सांगतं की केंद्रीय कायद्यात दिवसांच्या मालिकेतला पहिला दिवस वगळायचा असेल तर ‘फ्रॉम’ वापरणं पुरेसं आहे आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर ‘टू’. १९६३ चा मुदतीचा कायदाही कलम १२ मध्ये तेच सांगतो: ज्या दिवसापासून मुदत मोजायची तो दिवस सोडायचा. कायदा दिवसाचे तुकडे करत नाही. नोटीस दुपारी चारला मिळाली तर त्या दिवसाचे उरलेले तास पूर्ण दिवस म्हणून मोजणं अन्यायाचं होईल, म्हणून मोजणी दुसऱ्या दिवशी सुरू होते.

याचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो ते न वटलेल्या चेकच्या एका प्रकरणात दिसलं. साकेत इंडिया विरुद्ध इंडिया सिक्युरिटीज या खटल्यात चेक देणाऱ्याला नोटीस २९ सप्टेंबर १९९५ रोजी मिळाली. पैसे भरायला १५ दिवस, म्हणजे १४ ऑक्टोबरपर्यंत. पैसे आले नाहीत, म्हणून फिर्यादीचं कारण १५ ऑक्टोबरला निर्माण झालं. तिथून एका महिन्यात फिर्याद दाखल व्हायला हवी. ती दाखल झाली १५ नोव्हेंबरला. १५ ऑक्टोबर धरला तर महिना १४ नोव्हेंबरला संपतो आणि फिर्याद एका दिवसाने बाद. तो सोडला तर मुदतीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली तो दिवस सोडला आणि फिर्याद वाचली. पुढे दुसऱ्या एका निकालात वेगळा सूर लागला. चेकसंबंधीच्या कायद्यात एका ठिकाणी ‘फ्रॉम’ आहे, दुसरीकडे ‘ऑफ’. मग दोन्हींची मोजणी वेगळी करायची का, असा वाद उभा राहिला. तो २०१३ साली इकॉन अँत्री खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मिटवला आणि साकेत इंडियातली मोजणीच कायम केली. एका शब्दयोगी अव्ययावर चौदा वर्षं खल झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, कारण त्या एका दिवसावर लोकांचे पैसे अवलंबून असतात.

खासगी करारात मात्र लिहिणाऱ्यालाच काळजी घ्यावी लागते. ‘ॲज ऑफ ३१ मार्च’ म्हणजे त्या तारखेची स्थिती, पण ‘ॲज ऑफ मंडे’ म्हणजे सोमवारपासून पुढे, असे दोन अर्थ त्यात राहतात. ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ बदलीच्या आणि पगारवाढीच्या आदेशांत तो दिवस धरूनच वाचलं जातं. पहिला दिवस निःसंशय मोजणीत हवा असेल तर कायद्याच्या मसुद्यांत ‘ऑन अँड फ्रॉम’ लिहितात. भाडेकरार, नोकरीचं पत्र किंवा विम्याचा कागद यांवर सही करण्याआधी वाचकांनी हे शब्द शोधावेत, आणि मोजणीचा पहिला व शेवटचा असे दोन्ही दिवस तारखेनिशी लिहून घ्यावेत.